बारीक जाळी

बाजारात तिला सगळे कात्रीवाली म्हणत. विक्रीला आलेल्या गाईचे केस कापून, विंचरून, फुगवून ती असं रूप आणायची की मालकालाही आपली गाय ओळखू येऊ नये. खपाटीला गेलेलं पोट, जुना व्रण, सगळं केसांखाली गडप. लबाडीच ती, पण सर्वमान्य लबाडी.

थोरला भाऊ गुरांचा व्यापारी. आईवडिलांमागे त्यानेच तिला वाढवलं, तिच्या हातात पहिली कात्री त्यानेच दिली. दादा म्हणेल ती पूर्व दिशा. त्याने लांब केसांची एक गाय दोन दिवस तिच्या गोठ्यात ठेवली, तेव्हा विंचरताना तिच्या बोटांना मानेवर वाटाण्याएवढ्या गाठी लागल्या.

"डास चावलेत गं. केस जरा फुगव तिथे," दादा म्हणाला. तिने फुगवले. गाय विकली गेली.

बाराव्या दिवशी तिची स्वतःची गाय तापाने फणफणली. अंगभर गाठी उठल्या. एकुलती एक गाय, वासरापासून वाढवलेली. डॉक्टर म्हणाले, "नवा विषाणू आहे. चावऱ्या माशा आणि डास एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. गोठ्याला बारीक जाळी हवी होती."

आणि ही वेडी धावली कुठे, तर दादाला सावध करायला.

त्याच्या गोठ्याच्या प्रत्येक खिडकीला बारीक जाळी होती. जाळीवर धुळीचा थर बसला होता.

"कधी लावलीस?"

"महिना झाला असेल."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू त्या गाईला हात लावला असतास?"

परक्याने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाली असती. भावाला काय बोलणार?

तिची गाय आठवड्यात गेली. पुढच्या बाजारात दादा दुसरी गाय घेऊन तिच्यापुढे उभा. त्याला वाटलं, बहीण आहे, नेहमीसारखी गिळून टाकेल. गिऱ्हाईक शेजारीच होतं. तिने मानेवर हात फिरवला. त्याच गाठी. मग ब्रश बाजूला ठेवून तिने मशीन सुरू केलं आणि मानेपासून खांद्यापर्यंतचे केस पार कातडीपर्यंत उतरवले.

"अगं, काय करतेस?" दादा दबक्या आवाजात म्हणाला. "घरातलं चारचौघांत कशाला?"

गिऱ्हाईक वाकून बघू लागलं. "हे काय आहे?"

ती मशीन पुसत म्हणाली, "दादाला विचारा. तो म्हणतो, डास चावलेत."