गव्हाला नाही म्हणणाऱ्या जाऊबाई

कुणी बारीक दिसलं, की आमच्या थोरल्या जाऊबाई आधी कणकेचा डबा उघडत. आमच्या पोशीर गावात सगळी भातशेती, त्यामुळे घरात रोज तांदळाची भाकरी. गव्हाची चपाती व्हायची ती जावयासाठी, नाहीतर आजारातून उठलेल्यासाठी. "गव्हात ताकद हाय गं," हे जाऊबाईंचं सगळ्यावरचं औषध.

माझी शोभा तीन वर्षांची झाली तरी अंग धरेना. हातपाय काड्या, पोट टम्म, आणि सतत जुलाब. जुलाब वाढले की जाऊबाई तिला तांदळाच्या पेजेवर ठेवत. चार दिवसांत पोर हसू लागे. मग त्या समाधानाने कणीक मळत, तूप लावलेली चपाती कुस्करून स्वतःच्या हाताने भरवत, आणि पोर पुन्हा आडवी होई. आम्ही दृष्ट काढत बसायचो. पेजेने बरी होते आणि चपातीने पडते, हे घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शेवटी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हिला गहू सोसत नाही, जन्मभर द्यायचा नाही. गहू बंद झाला आणि शोभा वाचली, अंगणात धावायला लागली. जाऊबाई मात्र ते ऐकून चुलीपाशी बसून रडल्या होत्या. "मीच घातलं गं तिला, माज्या हातानं."

"तुम्ही मायेनं घातलंत, जाऊबाई."

"पोटाला काय माया कळते?"

शोभा त्यांना मोठी आई म्हणायची. तेव्हापासून त्या तिची राखण करू लागल्या. लग्नात कुणी तिला जिलेबी द्यायला गेलं, की जाऊबाईंचा हात मध्ये आलाच. सत्यनारायणाचा शिरासुद्धा त्या परत करत. बायका नाकं मुरडत, प्रसादाला कुणी नाही म्हणतं का? "द्येव समजून घेईल. तुमचं तेवढं बोला," असं त्या म्हणत. मला हसू यायचं, धीरही यायचा.

शोभाला पाहायला पहिलं स्थळ आलं, तेव्हा तिच्या दुखण्याचा विषय काढायचा नाही असं घरात ठरलं होतं. पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता जाऊबाई म्हणाल्या, "आमची पोर गव्हाचं खात नाय. खाल्लं तर आजारी पडते." स्थळ मोडलं. मी त्यांना वाट्टेल ते बोलले.

"लपवून दिली, तर पयल्याच सणाला पुरणपोळी वाढतील," त्या म्हणाल्या. "नवी सून नाय म्हणंल का?"

पुढच्या स्थळापुढेही त्यांनी तेच सांगितलं. ही माणसं खालापूरकडची होती. मुलाच्या आईने विचारलं, "मग खाते काय?"

"भात, भाकरी. तुमी-आमी खातो तेच."

ती बाई हसली आणि लग्न ठरलं.

लग्नानंतरच्या श्रावणात जाऊबाई तापाने गेल्या. घरातला आवाजच गेला.

होळी झाल्यावर शोभा माहेरी आली. सासूबाईंनी आधी तिच्यापुरता नारळीभात केला आणि मग पुरण शिजायला घातलं, हे सांगता सांगता ती थांबली.

"मोठी आई तेव्हा बोलली नसती ना, तर मी मुकाट्यानं पोळी खाल्ली असती," ती म्हणाली. "माझ्याच्यानं नाही म्हणवलं नसतं, आई."