मामीचा जोडीचा फोटो

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या माझ्या मामासारखा जातिवंत मेंढपाळ पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यानं मेंढरं विकली खरी, पण राखायचं काही सोडलं नाही. मेंढरांच्या जागी आम्ही नातेवाईक आलो, एवढंच. लग्नाच्या पंगतीत तो दाराशी उभा राही, कोण आत गेलं, कोण बाहेर पडलं ते बघत. सेनगावच्या जीपमध्ये अनोळखी माणसांनाही तो जीभ टाळ्याला लावून टक् टक् करत आत सरकवी, आणि माणसं मुकाट सरकत. हिंगोलीच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी आ करायला सांगितलं, तर यानं आधी डॉक्टरांचाच जबडा उघडून दात पाहिले आणि त्यांचं वय सांगितलं. तेही बरोबर निघालं म्हणे.

बिचारी मामी मात्र कळपापायी कधी कुठं गेली नाही. नवऱ्यासोबत तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. लग्नात फोटोवाला आला होता, पण ऐन वेळी एक मेंढी विताना अडली आणि मामा मुंडावळ्यांसकट तिकडं पळाला. मेंढरं विकली त्या हिवाळ्यात मामीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन जोडीनं एक फोटो काढायचा, बाकी तिला काही नको होतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं, माझ्याकडं रोलचा कॅमेरा होता. सगळं घर जीपमध्ये कोंबून आम्ही चिखलदऱ्याला निघालो.

घाटात शेळ्या दिसल्या आणि घात झाला. मामाला असा काही उमाळा आला, की दर वळणावर जीप थांबवून तो परक्या शेळ्यांचे फोटो काढायला लावी. एकीचा समोरून, एकीचा बाजूनं, कास नीट आली नसेल म्हणून तिचाच पुन्हा. मामी मागून मला रोल जपायला सांगत होती, पण मामाला नाही म्हणायची आमच्या घराण्यात कुणाची टाप होती? वर पोचलो तेव्हा रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

आणि वर हे धुकं! हातातला चहा दिसेना. मामा हबकला. आमच्याकडं दोन कळप मिसळू नयेत म्हणून मेंढरांच्या पाठीवर गेरूचा फराटा ओढतात. यानं पिशवीतून गेरू काढला आणि आमच्या नव्याकोऱ्या स्वेटरांवर फराटे ओढले. शेजारी नागपूरची सहल होती. दरी बघायला आत सोडण्याचा हाच शिक्का असणार, असं वाटून तीही मंडळी पाठ करून रांगेत उभी राहिली. मामानं कुणाचंच मन मोडलं नाही. पुढं त्यांच्यातले दोन जाडजूड गृहस्थ त्यानं आमच्याच जीपमध्ये हाकून आणले.

मामी तेवढी कोरी होती. मी कारण विचारलं.

"तिला काहून लावू? ती मला अंधारात बी वळखू येती."

दुपार टळली तरी धुकं हलेना. जीपवाला कुरकुरायला लागला, मामीचे डोळे भरून आले. शेवटी तिनंच मामाला ओढून कठड्याशी उभं केलं. तिथंही हा मान वळवून आम्हालाच हुडकत होता.

"आवं, येवढ्या बारीला माझ्याकडं बघा की," मामी हळू आवाजात म्हणाली.

त्यानं बघितलं. मी बटण दाबलं.

फोटो आला तो पांढराफटक. खाली कोपऱ्यात लुगड्याचा हिरवा काठ, बस्स. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मामी हिरमुसली नाही. फोटोचं काय एवढं, बघितलं तर खरं त्यांनी, म्हणाली, आणि मामाला त्या फोटोची चौकट करून आणायला लावली.

मामी जाऊन आता काही वर्षं झाली. मी गेलो, की मामा भिंतीवरची चौकट उतरवून मांडीवर घेतो. मागच्या खेपेला माझ्या बायकोनं न राहवून विचारलं, मामा, यात मामी कुठं आहेत?

"घाई काहून करून राहिली, पोरी?" मामा काच पुसत म्हणाला. "धुकं हटू दे. हितंच हाय ती."

मग आम्ही तिघं बराच वेळ त्या फोटोकडं बघत बसलो.