विकल्या गेलेल्या गाण्याचा गजर

माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा मुंबईचा दादा, एका वर्षी गणपतीला येताना गिटार घेऊन आला आणि जाताना ती माझ्याकडे ठेवून गेला. फुकट नव्हे. एका परदेशी मेटल बँडच्या तीन कॅसेटी माझ्यापुढे टाकून त्याने अट घातली.

"यातलं सगळ्यात फास्ट गाणं पुढच्या गणपतीत वाजवून दाखव. गिटार तुझी. नाही जमलं तर परत नेणार. आणि तिसऱ्या कॅसेटवर ते एक हळू गाणं आहे ना, ते वाजवलंस तर तुझं माझं नातं संपलं."

त्या हळू गाण्याचा गुन्हा त्याने मला समजावून सांगितला. बँड आधी खरा होता. मग त्यांनी हे गोड, कमर्शियल गाणं काढलं, ते जिकडेतिकडे वाजलं, पोरींना आवडलं आणि बँड विकला गेला. आमचं गाव वरंध घाटाच्या पायथ्याशी. तिथे तेव्हा एसटी दिवसातून दोनदा यायची, त्यातली एक यायचीच असं नाही. अशा ठिकाणी बसून मी त्या बँडच्या अधःपतनाचं दुःख करू लागलो. महाडच्या कॉलेजात कवटी छापलेला काळा टीशर्ट घालून जाऊ लागलो. आई तो नेहमी उलटा करून वाळत घालायची. शेजारणीला कवटी दिसली तर ती आमच्यावर कोणी करणी केली म्हणून गावभर सांगत सुटेल, असं तिचं म्हणणं होतं.

चार महिने मी त्या फास्ट गाण्याच्या मागे धावलो. दादाची गिटार साधी, लाकडी पोटाची, विजेवर चालणारी नव्हे. तिच्यावर ते गाणं पत्र्यावर सुपाऱ्या ओतल्यासारखं वाजायचं. वडील गावच्या शाळेत मास्तर. एकदा वह्या तपासता तपासता त्यांनी विचारलं, "कुठे दुखतंय का तुझं?" मी गिटार घेऊन परसात गेलो, तर तिथून म्हैस उठून गेली.

शेवटी एका मंगळवारी मी हळू गाणं लावलं. फक्त बोटं मोकळी करायला, असं स्वतःला बजावून. त्याची सुरुवात सोपी होती. उजव्या हाताने एकेक तार छेडायची आणि डाव्या हाताची बोटं एकामागून एक खाली ठेवत जायची. तासाभरात ते गाण्यासारखं वाजायला लागलं. खरं सांगतो, मला रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हातून काहीतरी सुरात निघत होतं, आणि ते नेमकं विकलं गेलेलं गाणं होतं.

घरी ते वाजवायची सोय नव्हती. धाकटे काका दर रविवारी दादाला फोन करायचे आणि त्यांच्या पोटात काही राहत नसे. म्हणून मी जागा शोधली गावाच्या टोकाला, बुवांच्या भाताच्या गिरणीत. मंगळवारी वीज नसायची, गिरणी बंद. बुवा गिरणी चालवत आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत. मंगळवारी ते कोंड्याच्या पोत्यांना टेकून पेटी काढून बसायचे.

टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. पहिल्या दिवशी बुवांनी गाणं ऐकलं, पेटीवर सूर शोधला आणि म्हणाले, "पांढरी तीन. पण हा रडतोय कशाला एवढा? घरचं कोण गेलं काय रे त्याचं?"

पुढच्या मंगळवारी सेल उतरले होते. बुवांनी परत पेटी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मागच्या टायमाला पांढरी तीनमदी होता. आज काळी दोनवर उतरलाय. घसा बसला वाटतं." मी सेल उन्हात ठेवून तापवले, गाणारा बरा झाला.

पण बुवांचा कान भारी. इंग्रजीचं अक्षर कळत नसताना त्यांनी माझी एकच चूक आठ मंगळवार धरून ठेवली. "बारीक तार मुकी हाय तुझी. करंगळी टेकते. उचल ती करंगळी!" मला स्वप्नातसुद्धा ते ऐकू यायचं. नवव्या मंगळवारी करंगळी उचलली गेली आणि बारीक तार बोलली. बुवांनी पेटीवर थाप मारली, मी दोन दिवस हवेत होतो.

आता एक गोष्ट मला कळायला हवी होती. आमच्याकडे भजनी बुवा कानावर पडलेली कुठलीही चाल सोडत नाहीत. यंदा सिनेमात गाजलेलं गाणं पुढच्या गणपतीत देवाच्या नावाने गायलं जातं. खालच्या वाडीचे बुवा दरवर्षी सगळ्या नव्या चाली आधी पळवायचे आणि आमचे बुवा हात चोळत बसायचे. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी मला वाटलं, बुवा दर मंगळवारी माझ्या प्रेमापोटी बसतात.

गणपती आले, दादा आला. दुसऱ्या दिवशी दुपारी भजनी मंडळ आमच्या घरी बसलं. दोन भजनं झाली, चहा आला. दादा म्हणाला, "चल, दाखव." मी गिटार घेतली आणि फास्ट गाणं सुरू केलं. पहिल्या वीस सेकंदांत बोटं एकमेकांत अडकली. परत सुरू केलं, परत अडकली. काकू म्हणाल्या, "राहू दे, चहा गार होतोय."

"हरलास," दादा म्हणाला. मला गणपतीकडेसुद्धा बघवेना.

बुवांना माझी दया आली. "अरे, ते नाय जमत त्याला. आपलं वाजव की, गिरणीतलं!" आणि मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी पेटीवर हळू गाण्याची सुरुवात केली. पखवाजाने ठेका धरला, टाळ आले आणि बाराजण एका सुरात, त्या बदनाम चालीवर, मोरयाचा गजर करू लागले. शब्द बुवांनीच बसवले होते. मंडळ महिनाभर तालीम करत होतं. मला पत्ता नव्हता.

नातं तर संपलंच होतं, म्हणून मीही वाजवू लागलो. दादाकडे बघायची हिंमत नव्हती. चाल वर चढली, बुवांनी मान उडवली, आणि माझ्या शेजारून एक आवाज आला. दादा गात होता. डोळे मिटून, मूळ इंग्रजी शब्द, एकही न चुकता. एका बाजूला मोरया, दुसऱ्या बाजूला प्रेमभंग, आणि दोन्ही एकत्र समेवर येत होते. आजीने डोळे पुसले. देवाने काय समजून घेतलं, त्यालाच माहीत.

आरती झाल्यावर दादाने गिटार मांडीवर घेतली आणि तेच गाणं वाजवलं. सबंध. बारीक तार मुकी होती. बुवांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं.

"मलाही एवढंच येतं," तो हळूच म्हणाला. "कॉलेजात कुणाला सांगितलं नाही कधी. हसले असते."

मला वाटलं, झालं, गिटार माझी. पण जायच्या दिवशी त्याने ती जुन्या चादरीत गुंडाळली. "अट म्हणजे अट," तो म्हणाला, पण माझ्याकडे बघून नव्हे. त्याला सोडायला महाडच्या स्टँडपर्यंत गेलो. सबंध वाटेत मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या, काही तर खास त्याच्यासाठी नव्या बनवल्या. इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

तो खिडकीपाशी बसला, गिटार मांडीवर उभी. बस सुरू झाली. चादरीवरून त्याच्या डाव्या हाताची बोटं एकामागून एक खाली जात होती आणि करंगळी टेकत होती.

"करंगळी उचल!" मी सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडलो.

त्याने मान वळवली नाही. पण करंगळी उचलली.