खुडूक कोंबडी आणि बाजारातली पिल्लं

आई आपलं लेकरू बरोबर ओळखते, हे सत्य मी अनेक सत्कारांत टाळ्यांसकट ऐकलं आहे. शेजारच्या सुमनवहिनींची खुडूक कोंबडी नासक्या अंड्यांवर बसून बसून वाळली होती. दिवेलागणीला वहिनींनी ती अंडी काढली आणि बाजारातली हिरवी-गुलाबी रंगवलेली पिल्लं तिच्या पंखांखाली सरकवली.

“सकाळी टोचून मारली तर?” मी विचारलं.

“मारली तर मारली, भाऊजी. पण दमलीय हो ती. दमल्यावर कोण चौकशा करतं?”

आपली माणसांची एकमेकांवरची बरीच मायाही अशी थकव्यातूनच आली असावी, असं वाटत राहिलं.

सकाळी कोंबडी उकिरडा उकरून पिल्लांना बोलावत होती. गुलाबी पिल्लू तिच्या पाठीवर चढलं आणि शिटलं.