ताईची मान वाकडी झाली ती दुपार

माझी मोठी बहीण खापा गावच्या शाळेत चौथीला शिकवते. भाऊजींचा फोन आला तेव्हा मी नागपुरात ऑफिसात होते. "आत्ताच्या आत्ता निघ," एवढंच ते म्हणाले.

पोचले तर ताई शाळेच्या ओट्यावर बसलेली, साडी कमरेपर्यंत ओली. चार दिवस ती झोपली नव्हती. घरातली भांडी शेजारीपाजारी वाटून टाकली होती. आणि त्या सकाळी आपला सगळा वर्ग घेऊन ती कन्हान नदीवर गेली होती. भाद्रपदातलं भरलेलं पाणी. "माझ्या मागून या, पाणी आपल्याला काही करत नाही," असं मुलांना सांगून ती आत उतरली. मासे धरणाऱ्या एका माणसानं आरडाओरडा करून मुलांना थांबवलं. तोवर दोन मुली घोटाभर पाण्यात गेल्या होत्या.

"तू काहून घाबरून राहिली?" ताई मला म्हणाली. "पाह्य ना, किती सोपं आहे सगळं!" ती हसत होती, बोलणं एका वाक्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत होतं. मी तिचा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

नागपुरात, धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, हा मेनिया आहे, मनाचा वेग सुटण्याचा आजार. इंजेक्शन आणि गोळ्यांनी उतरतो. झोप लवकर येईल, मन ताळ्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतील. भाऊजींनी तिला दवाखान्यात ठेवायच्या कागदावर सही केली. आईला मात्र ते पटलं नाही.

"पागलांच्या गोळ्या माझ्या पोरीले कायले देता?" ती म्हणाली. "झोपली की होईल बरी."

पण झोप येतच नव्हती, हीच तर अडचण होती.

इंजेक्शनानंतर ताई झोपली. दुसऱ्या दिवशी तिचं बोलणं जरा हळू झालं, तिनं वरणभात खाल्ला. मला वाटलं, सुटलो. त्याच दुपारी मी तिचे केस विंचरत होते आणि तिची मान माझ्या हातातच एका बाजूला वळायला लागली. मला वाटलं ती मागे बघतेय. मान वळतच गेली. डोळे वर चढले, खाली येईनात. जीभ जाड झाल्यासारखी ती काहीतरी म्हणत होती, आणि एवढंच कळलं की ती पूर्ण शुद्धीवर आहे.

"मारून राहिले वं माझ्या लेकीले!" आई व्हरांड्यात धावली.

मी तिथंच उभी, कंगवा हातात. हे आपणच केलं, आपणच तिला इथं आणलं, यापलीकडे डोक्यात काही येत नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या, नर्सला दुसरं इंजेक्शन द्यायला सांगितलं आणि ताईच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "हे औषधामुळे झालंय, उतरेल. मी इथंच थांबते." त्या खरंच थांबल्या. वीसेक मिनिटांत मान सरळ झाली. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "काहींना असं होतं. हे मी आधीच सांगायला हवं होतं, माझं चुकलं." त्यांनी औषध बदललं. या नव्यानं वजन वाढू शकतं, साखर वाढू शकते, हात थरथरले किंवा अंग ताठलं तर लगेच कळवा, रक्त ठरल्या वेळी तपासा, असं एकेक करून सांगितलं. आईनं ते सगळं माझ्याकडून कॅलेंडरच्या मागे लिहवून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात ताईनं पहिल्यांदा विचारलं, "पोरं कशी आहेत?"

"सगळी बरी आहेत," मी म्हटलं.

ती भिंतीकडे तोंड करून खूप वेळ रडली. मग म्हणाली, "मले या गोळ्यांची भीती वाटते. मान पुन्हा तशी झाली तर? पण त्या दिवशी मले कशाचीच भीती वाटली नाही, त्याची जास्त वाटते. गोळी दे."

दिवाळीनंतर ती शाळेत रुजू झाली. पाण्यात उतरलेल्या त्या दोन्ही मुलींच्या घरी ती स्वतः गेली. एका आईनं चहा दिला, दुसरीनं दार उघडलं नाही. ब्लाउज सगळे उसवावे लागले, सकाळी अंग जड असतं म्हणते. एकदा साखर थोडी वाढलेली निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मात्रा कमी केली. आपल्या मनानं तिनं एकही गोळी सोडलेली नाही.

अजून रोज संध्याकाळी मी तिला फोन करते. काय बोलते यापेक्षा किती वेगानं बोलते ते ऐकते. काल ती शाळेतल्या स्नेहसंमेलनाबद्दल भरभरून सांगत होती, मध्ये खळखळून हसली. "जरा हळू सांग ना," मी म्हटलं. असं का म्हटलं ते तिला कळलं असावं, कारण ती म्हणाली, "झोपली होती वं मी, चांगली सात तास. नुसती खुश आहे."