आमच्या सेटला खरखर नव्हती

माझा पहिला अल्बम जयसिंगपूरच्या एका लग्नघरानं एकाच बैठकीत सलग दोनदा ऐकला, आणि दोन्ही वेळा त्यातले बिघाड मोजले.

अल्बम म्हणजे पाच गाणी, एकतीस मिनिटं. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी ती एका जुन्या लॅपटॉपवर आणि मैत्रिणीकडून मागून आणलेल्या गिटारवर केली. त्यात दोन प्रकार एकत्र केले होते. एक ग्लिच, म्हणजे आवाज मुद्दाम अडकवायचा, तोडायचा, खरखरवायचा. दुसरा शूगेझ, म्हणजे गिटारचा इतका दाट धूर करायचा की गाणारीचा आवाज त्यात जवळजवळ बुडून जावा. (हे लोक मान खाली घालून बुटांकडे बघत वाजवतात, म्हणून ते नाव. आमच्याकडे चपला उंबऱ्याबाहेर काढतात, त्यामुळे मी पायाच्या बोटांकडे बघत वाजवलं.) घरी मात्र मी कॉलेजचा प्रोजेक्ट चाललाय असं सांगितलं होतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. प्रोजेक्ट म्हटलं की कुणी पुढं काही विचारत नाही, उलट चहा आणून देतात.

आता अप्पांविषयी सांगायला हवं. अप्पा, म्हणजे माझे वडील, लग्नाकार्याला साउंडचा सेट भाड्यानं देतात. घराखालीच दुकान आहे. "आपल्या सेटला खरखर न्हाय" हे वाक्य ते आडनाव सांगितल्यासारखं सांगतात. आमच्याकडं गिऱ्हाईक आधी आवाज बघायला येतं. खुर्चीत बसतं, डोळे मिटून एक गाणं ऐकतं, आणि पटलं तरच सुपारी देतं.

त्या रविवारी अप्पांनी नवे स्पीकर दुकानात मांडले होते. ते जयसिंगपूरहून सेट ऐकायला येणाऱ्या पावण्यांसाठी कांदाभजी आणायला गेले, तेवढ्यात मी लॅपटॉप सेटला जोडला. आपलं गाणं मोठ्या स्पीकरवर कसं वाटतं, एवढंच एकदा ऐकायचं होतं. बटण दाबणार, तोच अप्पा आणि पावणे एकदमच दारात.

पावण्यांच्या मुलीचं लग्न होतं. हळद, लग्न, वरात, तिन्हींचा साउंड एकाच ठिकाणी द्यायचा होता. नव्या स्पीकरची ही पहिली सुपारी. पावण्यांबरोबर त्यांची थोरली बहीण होती, सगळे तिला आक्का म्हणत. आक्का पिठाची गिरणी चालवायच्या.

"आवाजाचं आक्काच ठरवणार," पावणे म्हणाले. "गिरणीचा पट्टा एवढाएवढा सरकला तर हिला झोपंत कळतंय."

"ऐकवा," आक्का म्हणाल्या आणि डोळे मिटले.

"पोरी, आपलं सनईचं लाव," अप्पा म्हणाले.

सनई आणि माझा अल्बम लॅपटॉपवर एकाखाली एक होते. घाईत माझं बोट एक ओळ खाली पडलं. पुढचं सांगायची गरज नाही.

पहिलं एक मिनिट फक्त गिटारचा धूर आहे. आक्कांची मान थोडी डोलली. मला खरंच वाटलं, जमतंय की काय. मग आली माझी लाडकी खरखर. (तेवढ्या एका खरखरीवर मी अकरा दिवस घालवले होते.) आक्कांनी एक डोळा उघडला.

"फाटलाय," त्या म्हणाल्या.

"काय फाटलंय?" अप्पा.

"तुमचा स्पीकर. पडदा फाटलाय त्याचा."

अप्पांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्या आईला कुणी बोललं. मी बंद करायला हात पुढं केला.

"हात लावू नकोस!" अप्पा ओरडले. "बिघाड वाजत असतानाच सापडतोय. बंद केला की दडून बसतोय."

"अप्पा, ते तसं न्हाय..."

"गप. ऐकू दे."

अप्पांनी वायर बदलली. खरखर तशीच. अँप्लिफायर बदलला. तेवढ्यात गाणं एका शब्दावर अडकलं आणि तोच तुकडा चाळीस वेळा वाजला, कारण तो चाळीस वेळा वाजावा असं मीच ठरवलं होतं. अप्पांनी मिक्सरला एक चापट मारली. योगायोगानं नेमका त्याच क्षणी अडकलेला शब्द सुटला.

"बघा, सुटलं," अप्पा घाम पुसत म्हणाले. "नवा हाय, जरा आखडलाय."

"आणि बाई कुठं गाती ती?" आक्का म्हणाल्या. "शेजारच्या घरात बसवलीय काय?"

अप्पांनी बाईला जवळ आणण्यासाठी मिक्सरच्या सगळ्या खुंट्या वर केल्या. बाई आली नाही, धूर मात्र दुप्पट आला. वरून आई खाली आली आणि म्हणाली, "अवो, ताटं पडाय लागल्यात मांडणीवरची." तोवर अप्पा पान्हा आणि पेचकस घेऊन नवाकोरा स्पीकर उघडून बसले होते. पडदा लख्ख होता, साधी सुरकुतीही नव्हती. अप्पा त्याच्याकडे नुसते बघत राहिले.

पावणे उठले. "राहू द्या, अप्पा. दुसरीकडं बघतो की. तुमचं लई नाव ऐकून आलतो."

अप्पांनी आधीच घट्ट असलेला एक नट पान्ह्यानं पुन्हा आवळला. मग माझ्या तोंडून निघालंच.

"अप्पा, सेट चांगला हाय. गाणंच तसलं हाय. मीच केलंय. मुद्दाम."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मुद्दाम?" पावणे म्हणाले.

"व्हय."

"खरखर मुद्दाम घातलीस?"

"व्हय. अकरा दिवस लागले."

आक्का उठून माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि भावाला म्हणाल्या, "गुणाची हाय रे पोरगी. बापाची अब्रू राखायला बिघाड अंगावर घ्यायलीय."

मी शपथा घेतल्या. लॅपटॉप दाखवला. जेवढं समजावत गेले, तेवढे आक्कांचे डोळे भरत गेले. शेवटी आईही पदरानं डोळे टिपायला लागली, तेव्हा मी नाद सोडला.

पण अप्पा माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघत होते. "पोरी," ते हळूच म्हणाले, "दुसऱ्यांदा लावलं तर खरखर तिथंच येती?"

"तिथंच. एक मिनिट बारा सेकंदाला."

अप्पांनी पान्हा खाली ठेवला आणि ताठ उभे राहिले. "पावणं, बसा. सेटचा बिघाड कवाबी येतोय, घड्याळ बघून येत न्हाय. ही खरखर घड्याळावर आली तर ती माझी न्हवं, पोरीची."

आक्कांना हा हिशेब पटला. गिरणीतही तसंच असतं म्हणे. त्यांनी पर्समधून लग्नपत्रिकेचा नमुना काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला पेन घेतलं. पावण्यांनी मोबाइलवर घड्याळ लावलं. आणि माझा अल्बम सुरू झाला.

"एक बारा!" पावणे ओरडले. खरखर आली.

"लिव्ह, आक्का."

एका गाण्यावर खात्री पटेना, म्हणून पाचही गाणी झाली. मग ताळा करायला पुन्हा पाचही झाली. भजी संपली, चहा दोनदा झाला. दुसऱ्या वेळी तर सगळे आधीच पुढं सरकून बसायचे. "आता अडकतंय बघा... अडकलं!" म्हणून आई टाळी वाजवायची. इतका कान देऊन माझं काम यापुढं कुणी ऐकेल असं मला वाटत नाही. चौथ्या गाण्याला आईनं स्पीकरला कान लावला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "आत तूच गातीस व्हय गं? मग एवढी दबकून कशाला? घरातच हाईस की."

मी पायाच्या बोटांकडं बघितलं.

शेवटी आक्कांनी पत्रिका उलटसुलट तपासली. सदतीसच्या सदतीस खरखरी जागच्या जागी होत्या.

"सेट चोख हाय," त्या म्हणाल्या. "पोरीचं तेवढं बघा."

तिन्ही कार्यक्रमांची सुपारी मिळाली. त्या दिवसापासून अप्पांनी सनई लावणं सोडलंय. कुणीही गिऱ्हाईक आलं की ते अभिमानानं माझा अल्बम लावतात आणि सांगतात, "आमच्या पोरीनं केलाय. कालिजात शिकती. ह्यात सदतीस बिघाड हायत, आणि आमचा सेट एकबी लपवत न्हाय."

कालच एक पन्हाळ्याचं गिऱ्हाईक तिसऱ्या गाण्यात उठून निघालं होतं. अप्पांनी त्याचा हात धरून परत खुर्चीत बसवलं.

"थांबा हो पावणं," ते म्हणाले, "सगळ्यात वाईट अजून पुढं हाय."

ते माझं सगळ्यात आवडतं गाणं आहे.