रुमाल टाकलेली जागा

एप्रिलमधला एक रविवार, सकाळची वेळ, गावाचा बसथांबा. हजर : बचत गटाच्या शालनबाई आणि त्यांच्या मैत्रिणी, सरपंच, बैलगाडीसह गाडीवान, सोलापूरहून आलेली मी, अंडी उबवत बसलेली एक टिटवी आणि माझ्या नणंदेचे सासरे. हे शेवटचे गृहस्थ हजर असले की बाकी कोण होतं याला फारसा अर्थ उरत नाही. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची : एक ते स्वतः आणि उरलेले सगळे प्रवासी.

मी त्यांना मामा म्हणते. गाव त्यांना कंडक्टर म्हणतं. एसटीतून ते केव्हाच निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांच्या अंगापर्यंत पोचलेली नाही. बैलगाडीतही ते उभ्यानेच जातात, डावा हात वर धरून, जणू वर दांडी आहे. पंगतीत वाढायला निघाले की "पुढं सरका, मागं मानसं लोंबत्यात" म्हणतात आणि लोक पत्रावळीसकट सरकतात. गोष्ट सांगतानाही त्यांना थांबे लागतात. कुर्डुवाडी आली की ते चहा मागवतात, आणि चहा संपेपर्यंत गोष्टीतला चोर मोकळाच फिरत राहतो. नातीच्या लग्नात तर मांडवाच्या दारात हात आडवा लावून त्यांनी खुद्द नवरदेवाला थोपवलं होतं. आतून बाहेर पडणाऱ्या मंडळींकडे बोट दाखवून म्हणाले, "आदी उतरनाऱ्यांना उतरू द्या." मुहूर्त टळतोय म्हणून भटजी ओरडायला लागले, तेव्हा त्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "तुमाला सोडून गाडी सुटत न्हाय, म्हाराज."

मोहोळच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं की त्यांचं गाव. गावाला लागून मोठा माळ आहे. तिथे काळविटं आहेत, कधीमधी लांडगा दिसतो, आणि जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी तर पुष्कळ. हा माळ राखायचा, तो पाहायला थोडे थोडे पाहुणे आणायचे आणि त्यांना गावातल्याच घरांत उतरवायचं, असा आम्हा काही शहरी स्वयंसेवकांचा बेत होता. "तुमी याच," मामा म्हणाले होते. "आमच्याकडं उत्साव लई हाय, यादी न्हाय." मी यादी घेऊन गेले. माळाच्या कडेने दोरी बांधणे, झालं. पुढच्या रविवारी त्या दोरीवर गावाचे कपडे वाळत होते. "येथे चराईस मनाई आहे" अशी पाटी लावणे, झालं. पाटीचा खांब मजबूत निघाला म्हणून कोणीतरी त्याला म्हैस बांधली होती. दुसरी पाटी हौदावर झाकण म्हणून छान बसली होती.

अशातच एका टिटवीने अंडी घातली, तीही नेमकी थांब्यासमोरच्या मोकळ्या जागेत. गावात येणारी गाडी वळते ती त्याच जागेत. दुसरीकडे बैलगाडी वळायचीही मारामार. घरटं म्हणजे काय, तर चार खडे आणि त्यात खड्यांसारखीच अंडी. मी यादीत "कुंपण करणे" लिहायला घेतलं, तेवढ्यात मामांनी खिशातून निळ्या कडेचा रुमाल काढला, टिटवीपासून हातभर अंतरावर पसरला, वर धोंडा ठेवला आणि हात झटकले.

आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल ही काय चीज आहे, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातील, पण रुमाल टाकलेल्या जागेवर बसणार नाहीत. त्या दिवसापासून शेळ्या, सायकली, ट्रॅक्टर, सगळे वळसा घालून जायला लागले. मामांच्या घंटीवर तयार झालेले एसटीचे ड्रायव्हर फाट्यावरूनच गाडी वळवायला लागले. एक खतवाला टेम्पो तेवढा आत घुसला.

"कुनाची जागा हाय?" ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं.

"लेकुरवाळी हाय. उटवायची न्हाय," मामा म्हणाले.

"पाखरू दिसतंय की!"

"मग? आदी जागा धरलीया तिनं."

टेम्पो फाट्यापर्यंत उलटा गेला.

पण पाहुण्यांचा पहिला रविवार जवळ आला तसा हा रुमाल शालनबाईंच्या घशात अडकला. वर्षभर त्यांच्या गटाने खोल्या सारवल्या होत्या, न्हाणीघरं बांधून घेतली होती, शेंगाचटणीचा तिखटपणा पुणेकरांच्या जिभेला बेताचा करून पाहिला होता. आणि सहल आणणाऱ्या पुण्याच्या बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आमच्यात वयस्क लोक आहेत. गाडी दारापर्यंत येत नसेल तर आम्ही दुसरं गाव बघू."

"मामा, रुमाल उचला," त्या एप्रिलमधल्या रविवारी थांब्यावर सगळ्यांसमोर शालनबाई म्हणाल्या. "एका पाखरापायी आक्का गट बुडवता व्हय?"

"जागा धरल्याली हाय, शालन."

"आमीबी धरलीया की! वरीसभर हुबं हाव आमी. आमचा रुमाल दिसंना व्हय तुमाला?"

मामा थांब्याच्या कट्ट्यावर बसून राहिले. चक्क बसून! मग उठले आणि गाडीवानाला म्हणाले, "पहार आन. गाव हितंच ऱ्हाऊ दे, थांबा हलवू."

दोघांनी थांब्याची पाटी खांबासकट उपटली, बैलगाडीत आडवी घातली आणि फाट्यावर नेऊन रोवली. सरपंच म्हणाले, "अशानं कसं चालंल?" मामा म्हणाले, "पाटी जितं, थांबा तितं. इचारा कुनालाबी."

पुढच्या रविवारी पुण्याची बस फाट्यावर आली आणि पाटीखालून वर झालेला हात पाहून मुकाट्याने थांबली. बाई खाली उतरल्या. "गाव कुठे आहे? गाडी आत का नाही जात?"

"म्होरं बाळंतीन हाय," मामा म्हणाले.

एका आजींनी पिशवीतून डिंकाच्या लाडवांचा डबा काढला आणि म्हणाल्या, "तिला द्या हो." मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग बैलगाडीच्या फेऱ्या सुरू झाल्या. "पुढं सरका, आजी, मागं जागा करा," असं म्हणत मामांनी सगळं पुणे आत आणलं. सगळे कुजबुजत बोलत होते. थांब्यापाशी आजी बाळंतिणीचं घर शोधायला लागल्या, तेव्हा मामांनी रुमालाकडे बोट दाखवलं. टिटवी उठली, पंख पसरून सगळ्यांना यथेच्छ शिव्या दिल्या आणि पुन्हा अंड्यांवर बसली. शालनबाईंनी डोळे मिटून घेतले. मीही यादी खाली धरली.

आजी हसता हसता कट्ट्यावर बसल्या. मग गंभीरपणे म्हणाल्या, "आणि लाडू?"

"तिच्या वतीनं म्या खातो," मामा म्हणाले आणि उभ्यानेच एक खाल्ला.

त्या दिवशी माळावर एकही काळवीट दिसलं नाही. पण निघताना पुण्याच्या बाईंनी शालनबाईंना विचारलं, "पुढच्या वेळी ती बैलगाडी असेल ना?"

"असंल की," शालनबाई म्हणाल्या, आणि मामांकडे न बघता पुढे म्हणाल्या, "रुमालबी असंल."

तेव्हापासून आम्ही पाट्या करायचं सोडून दिलं आहे. जिथलं गवत राखायचं तिथे रुमाल असतो, टॉवेल असतो, एका ठिकाणी सरपंचांचा जुना फेटा आहे. शेळ्या रुमाल खातात, ही अडचण मी वेगळी लिहून ठेवली आहे.

पिल्लं अंड्यांतून बाहेर आली आणि त्याच दिवशी तुरुतुरु चालत माळाकडे निघून गेली. मामांनी रुमाल उचलला, झटकला, घडी घातली. "उतरली," एवढंच म्हणाले.

पुढे त्यांचे गुडघे गेले. मुलाने त्यांना पुण्याला नेलं. जाताना त्यांनी तोच रुमाल कट्ट्यावर आपल्या जागी पसरला आणि वर धोंडा ठेवला. तिथे कोणी बसत नाही. शालनबाई अधूनमधून तो धुऊन परत तिथेच ठेवतात.

मागच्या रविवारी आम्ही थांब्याची पाटी मूळ जागी आणायला पहार घेऊन फाट्यावर गेलो होतो. विचारून घ्यावं म्हणून मी मामांना फोन लावला.

"आत्ताच नगा हलवू," ते म्हणाले. "म्या आल्यावर बगू. न्हायतर म्या फाट्यावर उतरायचा, आन् तुमी सगळी तितं आत वाट बगत बसायची."

पहार घेऊन आम्ही परत आलो. यादीत तेवढं एक काम राहिलं आहे : थांब्याची पाटी मूळ जागी लावणे.